एकट्यानं जा, पुन्हा पुन्हा बसा : अंधारातल्या राइडचे फोटो

डार्क राइडमध्ये, म्हणजे अंधारात गाडीत बसून प्रसंगांमधून जायच्या राइडमध्ये, अचानक असं काहीच घडत नसतं. गाडी वळणावर आली की भिंतीतून सांगाडा बाहेर येतो. तो तुम्हाला पाहून येत नाही, रुळाजवळच्या सेन्सरवरून गाडी सरकली म्हणून येतो, आणि मागून येणाऱ्या गाडीसाठीही तो तितक्याच सेकंदांनी, तितकाच बाहेर येणार असतो. दिवा त्याच कोनातून पडतो, धूर त्याच कोपऱ्यातून सुटतो, किंचाळी त्याच ठिकाणी ऐकू येते. फोटो काढणाऱ्यासाठी ही केवढी सोय आहे! लग्नात हार घालायचा क्षण हुकला की हुकला. नवरा-नवरीला पुन्हा उभं करून काढलेला हार खोटाच दिसतो. इथे हुकलेला क्षण पुढच्या फेरीत जसाच्या तसा परत मिळतो. तरीही बहुतेकांच्या मोबाइलमधले डार्क राइडचे फोटो म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर एखादा जांभळट डाग. लोक दोष मोबाइलला देतात. खरं कारण असं की बहुतेक जण त्या राइडमध्ये एकदाच बसतात, आणि एकदाच बसतात कारण बरोबर पाच-सहा जण असतात. अंधारातला चांगला फोटो महागड्या कॅमेऱ्यापेक्षा पुन्हा पुन्हा बसण्यातून मिळतो, आणि पुन्हा पुन्हा बसायचं असेल तर थीम पार्कला एकट्यानं जावं, हे इथे सांगायचं आहे.

घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर गेलं की दिवस सगळ्यांचा असतो, आणि तो तसाच असायला हवा. धाकट्याची उंची भरत नाही म्हणून एकजण बाहेर थांबतो, कुणाला भूक लागते, कुणाला रोलर कोस्टरची घाई असते, आणि भुताच्या वाड्यातून बाहेर आल्यावर ‘पुन्हा त्यातच बसू या’ म्हणणाऱ्याकडे सगळे वेड्यासारखं बघतात. एकट्या माणसाला हा हिशेब नसतो. गाडीत दोघांची किंवा चौघांची बैठक असते, येणारे तिघे किंवा पाच असतात, आणि उरलेली एक जागा भरायला राइडवरच्या मुलांना एकटा माणूस सोयीचा पडतो. काही परदेशी पार्कांत एकट्यांसाठी वेगळी रांगच ठेवलेली असते. आपल्याकडे ती सोय सर्रास नसली, तरी गर्दी नसलेल्या वारी ‘एकटाच आहे, कुठेही बसवा’ एवढं म्हटलं तरी काम होतं. शिवाय दिवसाचं तिकीट एकदा काढलं की त्यातल्या बहुतेक राइडना फेऱ्यांची मोजदाद नसते. पंधरा वेगवेगळ्या राइड एकेकदा करणं आणि दोनच राइड पुन्हा पुन्हा करणं, खर्च सारखाच. ग्रुपची सवलत एकट्याला मिळत नाही हे खरं, पण मधल्या वाराचे दर पुष्कळदा शनिवार-रविवारपेक्षा कमी असतात, त्यात तो फरक बराचसा भरून निघतो.

एकटं जाण्याला आपल्याकडे एक अडचण आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. काही वॉटर पार्क आणि रिसॉर्टमध्ये एकट्या पुरुषांना किंवा फक्त पुरुषांच्या टोळक्याला प्रवेश देत नाहीत. ‘स्टॅग एंट्री’ नको, असा त्यांचा नियम असतो. नियमामागचं कारण कळण्यासारखं आहे, पण गेटवर जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. निघण्याआधी फोन करून विचारावं. पाण्याच्या भागात कॅमेरा बाहेर काढूच नये, हे तर सांगायलाही नको. एकट्या जाणाऱ्या बाईनं घरी जायची-यायची वेळ सांगून ठेवावी, मोबाइलची बॅटरी फोटोंत संपवू नये, पॉवर बँक लॉकरमध्ये ठेवावी आणि अंधाऱ्या राइडमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. पुढची गाडी मागण्यात गैर काहीच नाही. ‘लोक काय म्हणतील’ या आक्षेपाला मात्र फार जागा देण्याची गरज नाही. संग्रहालयात, नाटकाला, गडावर एकट्यानं जाणाऱ्याला कुणी विचारत नाही. थीम पार्क तेवढं सहकुटुंब असलंच पाहिजे, हा फक्त सवयीचा भाग आहे.

भिवंडीच्या नारपोलीत राहणाऱ्यानं कुठे जावं? जवळ म्हणाल तर ठाण्यात टिकुजिनी वाडी आहे, नाशिक महामार्गाच्या बाजूला वॉटर पार्क आहेत; पण तिथे गंमत पाण्याची आणि पाळण्यांची. अंधारात गाडीत बसून प्रसंगांमधून जायचं असेल तर खरे पर्याय दोन. पहिला खालापूर तालुक्यातलं, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला असलेलं इमॅजिका. २०१३ मध्ये ते ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ या नावानं सुरू झालं. ते उभं करणारे मनमोहन शेट्टी यांचा मूळ व्यवसाय सिनेमाच्या फिल्म धुण्याच्या लॅबचा, म्हणजे अंधाऱ्या खोलीतल्याच कामाचा, ही जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट. आता ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. दुसरा पर्याय शिर्डीचं साई तीर्थ, तेही मालपाणींचंच. तिथे ‘तीर्थयात्रा’ नावाची, देशातल्या देवस्थानांच्या प्रतिकृतींमधून नेणारी राइड आहे आणि ‘द्वारकामाई’मध्ये हलणाऱ्या-बोलणाऱ्या पुतळ्यांचा खेळ आहे. इमॅजिकासाठी खोपोलीला जायचं तर अंजूरफाट्याजवळच्या भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा गाठता येतं, पण त्या मार्गावर गाड्या मोजक्या. ठाण्याला जाऊन कर्जत किंवा खोपोली लोकल धरणं बहुतेकांना सोयीचं. खोपोलीहून पुढे रिक्षा. परतीच्या लोकलची वेळ सकाळीच पाहून ठेवावी, कारण कर्जतच्या पुढे खोपोलीसाठी गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं. शिर्डीचा रस्ता मात्र भिवंडीकरांसाठी आता फारच सरळ झाला आहे : समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे आहे, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून गाडी असलेल्याला शिर्डी एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे.

अंधारातली प्रत्येक राइड फोटोची नसते, आणि ही निवड आधी केली नाही तर दिवस वाया जातो. इमॅजिकातलं ‘मिस्टर इंडिया’ किंवा ‘आय फॉर इंडिया’ घ्या. बसायला दोन्ही मजेदार. पण समोर असतो पडदा. पडद्याचा फोटो म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या चित्रीकरणाचा फिकट फोटो, तो काढून हाती काही लागत नाही. ‘डीप स्पेस’ अंधारातलं रोलर कोस्टर आहे. तिथे कॅमेरा, मोबाइल, चष्मा सगळं लॉकरमध्ये. त्या वेगानं सुटलेला मोबाइल मागच्या माणसाच्या कपाळावर बसला तर काय होईल, याचा विचार केला की पुढचं बोलायला नको. ‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’मध्ये होडी शेवटी पाण्यात आपटते. राजासॉरस हा खराच, नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये नाव मिळालेला डायनोसोर आहे, म्हणून त्याचा फोटो घ्यावासा वाटणं साहजिक आहे, पण तो होडीतून घेण्याचा हट्ट धरू नये. उरतात संथ राइड, ज्यांत प्रसंग खऱ्या वस्तूंनी उभे केलेले असतात : ‘अलीबाबा और चालीस चोर’, किंवा शिर्डीची तीर्थयात्रा. अलीबाबात तुमच्या हातात बंदूक असते आणि नेम धरायचे असतात. पहिल्या फेरीत नेम धरावा, नंतर बंदूक खाली ठेवावी. एकट्या माणसाला गुणांची चुरस नसते, हा इथे पुन्हा फायदाच. शिर्डीला आणखी एक भान हवं : तिथे बरोबरचे लोक दर्शनाच्या भावनेनं बसलेले असतात. आत फोटो चालतात का हे दारातच विचारावं आणि ‘नाही’ म्हणाले की विषय संपला. तिकीट हे राइडमध्ये बसण्याचं असतं, चित्रीकरणाच्या परवान्याचं नसतं, आणि हा नियम खोपोलीलाही तेवढाच लागू आहे. सकाळी आत शिरताना एकदा विचारावं, प्रत्येक राइडच्या दारावरची पाटी वाचावी, आणि पाटी नसेल तर गाडीत बसवणाऱ्याला विचारावं. दिवसभर त्याच राइडच्या फेऱ्या मारायच्या असतील तर त्या माणसाशी नीट बोलणं फायद्याचंच ठरतं.

आता फ्लॅश. तो मारू नये हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण शिष्टाचार म्हणून. शिष्टाचाराचा मुद्दा खराच आहे : अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि जेवढे सरावलेले असतात तेवढेही एका झगझगीत प्रकाशानं परत मागे जातात. तुमच्या एका फोटोची किंमत गाडीतले सगळे पुढच्या चार प्रसंगांमध्ये मोजतात. पण माणूस शिष्टाचार मोडतो, तोट्याचा व्यवहार सहसा करत नाही. म्हणून फ्लॅश तोट्याचा कसा, ते समजून घ्यावं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. तुमच्या पुढच्या गाडीतल्या माणसाचं डोकं एका मीटरवर असतं, भूत चार मीटरवर. म्हणजे डोक्यावर जेवढा उजेड पडेल त्याच्या सोळाव्या हिश्श्यात भूत. फोटोत येतं ते एक पांढरंफट्ट टक्कल आणि त्यामागे काहीतरी. बरं, भूत जवळ असेल तर? तर फ्लॅशमध्ये भूत दिसत नाही, प्लायवूड दिसतं, फळीवरचे खिळे दिसतात, छताचा डक्ट दिसतो. डार्क राइडची सगळी करामत कशावर उजेड पडू द्यायचा नाही यात असते. हवेत तरंगणारी पारदर्शक आकृती पुष्कळदा तिरप्या काचेतलं प्रतिबिंब असते. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये प्रेक्षकांसमोर आलेली ही युक्ती ‘पेपर्स घोस्ट’ नावानं ओळखली जाते आणि आजही जगभर वापरात आहे. तिच्यावर फ्लॅश मारला की काचेत फ्लॅश चमकतो आणि आकृती नाहीशी होते. चमकत्या रंगांचंही तसंच. ते रंग डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड घेऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतात, म्हणून काळोखात ते आतून पेटल्यासारखे वाटतात. पांढऱ्या फ्लॅशखाली तेच रंग शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पडद्यासारखे सपाट होतात.

याच अतिनील दिव्यांवरून कपड्यांची एक बारीक गोष्ट. पांढरा शर्ट घालून जाऊ नये. पांढऱ्या कपड्यांना उजळ करण्यासाठी टिनोपॉलसारखी जी द्रव्यं वापरतात, आणि आता बहुतेक धुण्याच्या पावडरीत ती असतातच, ती या दिव्याखाली निळसर पेटतात. प्रोसेस हाउसमधून उजळून आलेल्या कापडाचंही तेच. मग काचेच्या प्रत्येक प्रसंगात भुताच्या शेजारी तुमचा शर्ट तरंगताना दिसतो, आणि फोटो काढताना ते ध्यानात येत नाही, घरी आल्यावर येतं. गडद, बिनचमकीचा टी-शर्ट घालावा, घड्याळाची चमकणारी तबकडी बाहीखाली जाऊ द्यावी.

फ्लॅश नाही म्हटल्यावर उरतो तिथला उजेड आणि चालती गाडी, आणि इथे थोडं गणित केलं तर पुष्कळ गोंधळ मिटतो. संथ डार्क राइडची गाडी सेकंदाला साधारण अर्धा मीटर सरकते असं धरू. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी एक सेंटीमीटर जाते. दोन मीटरवरचा पुतळा बाजूने जात असेल तर एका सेंटीमीटरच्या हलण्यानं त्याचे डोळे पुसट होतात. अडीचशेवा भाग ठेवला तर गाडी दोनच मिलीमीटर सरकते, फोटो स्वच्छ येतो. पण उजेड पाचपट कमी मिळतो. हा उजेड आणायचा कुठून? एक वाट लेन्सची. कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स पुढे ताणली की एफ ५.६ वर जाते, एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. साध्या डीएसएलआरवर पस्तीस मिलीमीटरची सोयीची पडते, पन्नासची जरा कोंदट होते. दुसरी वाट आयएसओ बत्तीसशे किंवा चौसष्टशेपर्यंत चढवण्याची; दाणे येतात, येऊ द्यावेत, दाणेदार फोटो पाहता येतो, हललेला पाहवत नाही. तिसरी वाट फुकटची आहे आणि तीच बहुतेक जण विसरतात : बाजूचं दृश्य टिपू नये, समोरचं टिपावं. गाडी ज्या दिशेनं चालली आहे त्या दिशेला असलेला पुतळा फोटोत जवळजवळ जागचा हलत नाही, फक्त किंचित मोठा होत जातो. तिथे शंभरावा भागही चालून जातो. आणि शंभरावा भाग पुरेसा असेल तर तोच ठेवावा, कारण आपल्या विजेच्या पन्नास हर्ट्झमुळे स्वस्तातले एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात; त्याहून जलद शटरला फोटोवर आडवे काळे पट्टे येऊ शकतात. कुठे पट्टे येतात ते सुरुवातीच्या फेऱ्यांत कळतं आणि मग त्या प्रसंगापुरतं शटर बदलता येतं. एकाहून जास्त फेऱ्या असल्या तर.

फोकस आणि एक्स्पोजर या दोन गोष्टी मशिनवर सोडू नयेत. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि चाचपडताना कॅमेऱ्याच्या पुढचा तांबडा किंवा हिरवा दिवा पेटवतो. तो फ्लॅशइतकाच उपद्रवी. मेनूत जाऊन तो बंद करावा, गाडीत बसण्याच्या फलाटावर उजेड असतो तिथे अडीच-तीन मीटरवरच्या एखाद्या पाटीवर फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवावा आणि नंतर रिंगला हात लावू नये. एक्स्पोजरचं मीटर समोरचं सगळं सरासरीनं करड्या रंगाचं करू पाहतं. समोर तर नव्वद टक्के काळोख; मग ते काळोखाला राखाडी करतं आणि दिव्याखालचा चेहरा जाळून टाकतं. एक ते दोन स्टॉप उणे करावं. मोबाइलवर हेच काम चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की होतं : फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात, मग बोट खाली ओढून उजेड उतरवायचा. पडद्याचा ब्राइटनेस अगदी तळाला, क्लिकचा आवाज बंद, फाइल रॉ.

इथे हमखास आक्षेप येतो : ‘आजच्या मोबाइलला नाइट मोड आहे, तो अंधारात दिवस करतो, मग एवढा खटाटोप कशाला?’ नाइट मोड खरंच चांगला असतो, पण तो काय करतो ते पाहावं. एक-दोन किंवा अधिक सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकावर एक जुळवतो. त्यात हाताचं थोडं थरथरणं सांभाळलं जातं. पण तुम्ही सेकंदाला अर्धा मीटर सरकत आहात, समोरचा पुतळाही मान वळवतो आहे, तेव्हा जुळवायला समान काही उरतच नाही. चालत्या गाडीत नाइट मोड बंद करावा. मोबाइलचंच एक वेगळं बळ वापरावं : ४के व्हिडिओ, सेकंदाला पंचवीस चित्रांचा. त्यातलं प्रत्येक चित्र सुमारे आठ मेगापिक्सेलचं असतं, म्हणजे पोस्टकार्ड आकारात छापायला पुरून उरेल एवढं. सांगाड्यानं तोंड उघडलेला तो नेमका क्षण पंचवीसांतून नंतर शांतपणे निवडता येतो. महागड्या कॅमेऱ्याशिवाय जमत नाही असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं व्हावं.

सराव खोपोलीला जाऊन करू नये, नारपोलीत करावा. यासाठी भिवंडीइतकी चांगली शाळा शोधून सापडायची नाही. साध्या यंत्रमागाचा कारखाना म्हणजे मंद उजेड, ट्यूबलाइटचं लुकलुकणं आणि सतत हलणारी वस्तू. आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटतो, ताण्याच्या धाग्यांमधून आडवा जातो आणि दुसऱ्या पेटीत आदळतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. मधोमध तो पकडायला गेलं की फक्त एक करडी रेघ येते. पण पेटीत पोचल्यावर, परत फेकला जाण्याआधी, तो निमिषभर थांबलेला असतो. तेवढ्यात फणी पुढे येऊन बाणा ठोकते. त्या निमिषाला बटण दाबायला शिकलात की राइडमधला सांगाडाही सापडतो, कारण तोही बाहेर येऊन परत जाण्याआधी टोकाला क्षणभर थांबतोच. पुढे जाऊन मागे येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दिशा उलटताना थांबावं लागतं. लूमच्या आवाजाचा ठेका ऐकत बटण दाबायची सवय लागते, ती राइडमध्ये फार उपयोगी पडते, कारण तिथेही प्रसंगाआधी कसला तरी आवाज असतो. कारखानदाराची परवानगी घ्यावी, कामगाराच्या तोंडावर कॅमेरा रोखू नये, त्याचं लक्ष चाललेल्या मागावरून काढू नये, आणि कापसाचं तूस लेन्सवर बसतं म्हणून तिथे लेन्स बदलू नये. दुसरी शाळा भाद्रपदातली. गणेश मंडळांचे हलते देखावे म्हणजे माणसानं चालत पाहायची डार्क राइडच : काळा पडदा, ठरावीक वेळेला पेटणारे दिवे, मान हलवणारे पुतळे, मागून निवेदन. धामणकर नाक्यापासून ठाण्यापर्यंत दहा दिवस हा सराव फुकट मिळतो. चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेत रात्री फिरणारे पाळणे मिळतात, ती आणखी वेगळी परीक्षा.

पार्कातल्या दिवसाचा क्रम सोपा ठेवावा. शाळांच्या सहली नसलेला मधला वार निवडावा, गेट उघडताना आत असावं आणि सगळे रोलर कोस्टरकडे धावत असताना डार्क राइडकडे जावं. पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून करावी. या सल्ल्यावर लोक कुरकुरतात, पण विचार करा : पहिल्या फेरीत कुठे काय येणार हे माहीत नसतं, म्हणून जे टिपलं जाईल ते योगायोगानं. ती फेरी पाहण्यासाठी वापरली की दोन गोष्टी होतात. राइड जशी अनुभवायला केली आहे तशी एकदा तरी अनुभवता येते. आणि डोक्यात नकाशा तयार होतो, की डाव्या वळणानंतर हिरवा दिवा, मग काळोख, मग समोर पुतळा. बाहेर आल्यावर लगेच कागदावर चार ओळी खरडाव्यात. दुसऱ्या फेरीपासून एका फेरीत एकच प्रसंग घ्यायचा, बाकीच्यांना कॅमेरा खाली. सगळंच टिपायला गेलं की पुन्हा एकदाच बसणाऱ्यासारखे फोटो हाती येतात. जागा शक्यतो पुढच्या गाडीची मागावी. मिळाली नाही तर बाहेरच्या कडेची. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात आणि गळ्यातही, आणि कोपर, लेन्स, सेल्फीची काठी यांतलं काहीही गाडीच्या कडेबाहेर जाता कामा नये. काळोखात भिंत किती जवळ आहे ते कळत नाही. गाडी मध्येच थांबली तर खाली उतरू नये, फोटोची कितीही सुंदर संधी असली तरी. एसीतल्या राइडमधून कोकणच्या दमट हवेत बाहेर आलं की लेन्सवर धुकं धरतं; ते पुसत बसण्यापेक्षा बाहेर येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्यावा. पावसाळ्यात खोपोलीच्या बाजूला हे रोजचं आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे : राइड अनुभवायला असते, तिचे फोटो कशाला? दर वस्तूचा फोटो काढण्याच्या आजच्या हव्यासाला वैतागलेल्यांचा हा प्रश्न आहे आणि त्यात तथ्य आहे. सेल्फीसाठी राइड करणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण डार्क राइडचं एक वेगळेपण आहे. रोलर कोस्टर बाहेरून दिसतं, येणारा-जाणारा त्याचा फोटो काढतो, ते पाडलं तरी ते कसं होतं हे कळतं. डार्क राइड बाहेरून एक गोडाऊन असते. तिचं सगळं आत, अंधारात, आणि ती बंद झाली की त्याचा पुरावाच उरत नाही. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये १९८३ साली सुरू झालेली ‘होरायझन्स’ १९९९ मध्ये बंद झाली आणि पुढे तिची इमारतही पाडली गेली. तिच्या आतले प्रसंग कसे होते हे आज आपल्याला दिसतं, त्यात आतून चित्रण करून ठेवणाऱ्या हौशी प्रेक्षकांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे तर जतन करण्याची सवय आणखी कमी. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, मुंबई-ठाण्यातल्या एका पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या, आणि २०२२ च्या सुमारास ते बंद पडलं. फेरीबोटीतले, गेटसमोरचे, पाळण्याखालचे फोटो घरोघरी आहेत. आतल्या अंधाराचे नाहीत, कारण तेव्हाच्या रिळाच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो असायचे आणि ते कुणी काळोखावर खर्च करत नसे. ज्यांनी ते पुतळे घडवले, रंगवले, दिवे बसवले, त्या कारागिरांचं काम पाहायला आज काय उरलं आहे? म्हणून डार्क राइडचा फोटो ‘मी इथे होतो’ सांगण्यासाठी नसावा. तिथे काय होतं, कसं होतं, हे सांगण्यासाठी असावा. एकट्याच्या फोटोत तसंही स्वतःचं कुणी नसतं, आणि अनोळखी लोकांचे, विशेषतः मुलांचे चेहरे त्यात येऊ नयेत एवढी काळजी घेतली की झालं.

घरी आल्यावर दोन चुका टाळाव्यात. पहिली, सावल्या उजळण्याची. रॉ फाइलमध्ये सावल्यांचा स्लायडर ओढला की काळोखातून छत, वायरी, फायरचा पाइप सगळं वर येतं आणि फ्लॅशनं जे बिघडलं असतं तेच आता कॉम्प्युटरवर बिघडतं. काळं ते काळंच ठेवावं. दुसरी, रंग ‘नीट’ करण्याची. व्हाइट बॅलन्सला ऑटोवर सोडलं की अतिनील दिव्याखालचा प्रत्येक फोटो वेगळ्या रंगाचा निघतो. एका प्रसंगाच्या सगळ्या फोटोंना एकच आकडा द्यावा, डोळ्यांना तिथे जसं दिसलं होतं त्याच्या जवळ जाणारा. हललेले फोटो लगेच पुसू नयेत, ते कोणत्या शटरला हलले हे पाहून पुढच्या वेळी काय ठेवायचं ते ठरतं. फाइलला राइडचं नाव, प्रसंग, तारीख आणि बसलेली जागा एवढं लिहून ठेवावं, म्हणजे पुन्हा गेल्यावर कोणत्या प्रसंगापासून सुरुवात करायची ते शोधत बसावं लागणार नाही.